रंग न लावता दिसणारं पेशींचं रसायन

पेशीत चरबी कुठे, प्रथिनं कुठे, हे पाहायला सहसा ऊतीचा काप घेऊन रंगवावा लागतो. स्टिम्युलेटेड रामन मायक्रोस्कोपीत रंग लागतच नाही! दोन लेसर किरण एकाच बिंदूवर सोडतात. त्यांच्या वारंवारितेतला फरक रासायनिक बंधाच्या कंपनाशी जुळला, की एका किरणाची तीव्रता किंचित घटते, दुसऱ्याची वाढते. हा बदल बिंदूगणिक मोजला की रेणूंचा नकाशा तयार!

२००८ मध्ये हार्वर्डच्या सनी शिये यांच्या गटाने या तंत्राने जिवंत पेशी दाखवल्या. आता मेंदूच्या शस्त्रक्रियेत काढलेला ताजा तुकडा काही मिनिटांत तपासता येतो.

याच्या मुळाशी आहे १९२८ मध्ये कोलकात्यात सापडलेला रामन परिणाम. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, मुलांना हे जरूर सांगा!