फेफरें आलेलें कुत्रें

नारायण पेठेंतील एखाद्या वाड्याच्या अंगणांत पाळीव कुत्रें एकाएकीं कोसळून पाय झाडूं लागलें व त्याच्या तोंडास फेंस आला, कीं “पिसाळलें!” अशी ओरड होऊन काठ्या निघतात. परंतु लस टोचलेल्या कुत्र्यास हें बहुधा फेफरें, म्हणजे मेंदूंतील विद्युत्-व्यापाराचा क्षणिक गोंधळ असतो.

अशा वेळीं त्यास जिन्यावरून पडूं देऊं नये, गलबला थांबवावा व घड्याळ पाहावें. कुत्रें जीभ गिळीत नाहीं. म्हणून तोंडांत हात घालूं नये, पाणी पाजूं नये, कांदा हुंगवूं नये. झटका ओसरल्यावर पशुवैद्यास दाखवावें. तो ५ मिनिटांहून अधिक टिकल्यास किंवा २४ तासांत पुन्हां आल्यास मुळींच विलंब लावूं नये. अपस्मार ठरल्यास, १९१२ पासून मनुष्यांच्या उपयोगीं पडलेलें फेनोबार्बिटल कुत्र्यांसहि देतात. तें आपल्या मनानें एकदम बंद केल्यास झटके बळावतात. अनोळखी अथवा लस न टोचलेल्या कुत्र्यास मात्र स्पर्श करूं नये, कारण पिसाळण्याच्या रोगांतहि झटके येतात, पशुवैद्यास कळवावें.

मुलांनो, परमेश्वरानें आपल्या हवालीं केलेल्या मुक्या जीवासाठीं काठी खालीं ठेवून घड्याळाकडे पाहणें, हीच येथें खरी भूतदया होय.