‘डोया दुखून राह्यला’ म्हणजे काय?

अकोट तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत नव्याने रुजू झालेल्या सरांपुढे एखादं लेकरू डोळा चोळत उभं राहतं आणि सांगतं, ‘सर, माहा डोया दुखून राह्यला.’ सर कोल्हापूरकडचे असतील तर घोटाळाच. डोया म्हणजे डोई की डोळा? आणि ‘दुखून राह्यला’ म्हणजे दुखायचा थांबला की काय? इथल्या वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया, फळ्याचा फया. आणि ‘दुखून राह्यला’ म्हणजे आत्ता, या घडीला दुखतोय. हे ठाऊक नसलेले सर लेकराला जागेवर बसवतात आणि पाठ पुढे नेतात.

शिक्षकाला अध्यापक विद्यालयात बोलायला भरपूर शिकवतात, ऐकायला फारसं नाही. पाठ टाचण काढायचं, सज्जता प्रवर्तन करायचं, फलक लेखन सुबक ठेवायचं, प्रबलन द्यायचं. एकेका कौशल्याचा सुटा सराव करण्याची ही सूक्ष्म अध्यापनाची रीत १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात घडली. ती वाईट नाही. नवख्याची भीड तिने मोडते. पण त्या सरावात समोर बहुधा सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसलेले असतात. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असतं आणि त्यांच्यातल्या कुणाचाही डोया दुखत नसतो.

खऱ्या वर्गाचं गणित वेगळं. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे लहान गावात एका शिक्षकाकडे किमान दोन इयत्ता. पहिलीची मुलं चिंचोके मोजतात, दुसरी हातच्याच्या बेरजेशी झुंजते आणि शिक्षकाचे कान दोन्हीकडे. पहिलीचा आवाज चढला तर ती भांडण्याची गलबल आहे की मोजणीत रंगल्याची, हे पाठ फिरवूनही ओळखता यावं लागतं. एका वर्गासाठी ३५ मिनिटांचं टाचण काढण्याच्या सवयीने हे जमत नाही.

अकोटहून उत्तरेला पोपटखेडकडे निघालं की सातपुडा जवळ येतो आणि भाषेचा प्रश्न आणखी खोल जातो. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या केलपाणी, गुल्लरघाट अशा गावांचं पुनर्वसन अकोट तालुक्यात झालं. त्या घरांतली भाषा कोरकू. ती मराठीची बोली नव्हे. संथाळी-मुंडारीच्या मुंडा कुळातली ती स्वतंत्र भाषा आहे. शिक्षण हक्क कायदा शक्य तिथे मातृभाषेतून शिकवा म्हणतो, पण समोरच्या शिक्षकाला त्या भाषेचा गंधही नसतो.

‘वचन बदला’ हा साधा स्वाध्याय घ्या. मराठीत एक मुलगा, अनेक मुलगे, संपलं. कोरकूत दोन माणसांसाठी वेगळं रूप आणि दोनहून अधिकांसाठी आणखी वेगळं. संस्कृतात होतं ते द्विवचन मराठीने टाकलं, कोरकूने जपलं. ‘दोघांसाठी वेगळा शब्द कोणता?’ असं त्या मुलाने विचारलं, तर ते मूल कच्चं नाही. त्याच्या घरी व्याकरण एका खणाने मोठं आहे. हे कळणारा शिक्षक त्याच्याकडून शब्द विचारून घेईल आणि फळ्यावर दोनऐवजी तीन रकाने आखेल.

मुलांकडून असं शिकून घेण्याची वाट दाखवणाऱ्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक लग्नानंतर काही काळ अमरावतीत राहिल्या. पुढे राजकोटला स्त्री-शिक्षिका घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या, मग भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम केलं. १९४५ पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघांना सोबत घेऊन त्यांनी बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्याची सुरुवात पाहण्या-ऐकण्यातूनच झाली. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी पानं, शंख, खडे आले.

ऐकणं शिकवता येतं का? येतं, आणि सेकंदात मोजताही येतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला शिकवल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि ‘माहीत नाही’ कमी झालं. घरची भाषा मनात उलथवून मराठीत उत्तर जुळवणाऱ्या लेकराला तर तीन सेकंदही अपुरेच पडत असतील.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी आंतरवासितेला, म्हणजे छात्राध्यापकाच्या शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवाला, २० आठवडे दिले आहेत. त्यातला एक आठवडा तरी त्याने खडू न उचलता वर्गात मागच्या बाकावर काढावा आणि मुलांचे शब्द वहीत उतरवावेत. सराव पाठाच्या निरीक्षण नोंदीत फलक लेखन, आवाज, हावभाव यांना रकाने असतात. अध्यापक विद्यालयांनी त्यात एकच रकाना वाढवावा: प्रश्नानंतर शिक्षक किती सेकंद थांबला?