गवारीची गूळ घातलेली भाजी

गवारीची गूळ घातलेली भाजी हा महाराष्ट्रातील रोजच्या जेवणातील, गोडसर आणि तिखट चवीचा, भाकरी-पोळीबरोबर खाल्ला जाणारा पदार्थ आहे. गवारीच्या कोवळ्या शेंगा, शेंगदाण्याचा कूट, काळा मसाला आणि गूळ हे तिचे मुख्य घटक होत. धाराशिव (जुने नाव उस्मानाबाद) जिल्ह्यात व एकूण मराठवाड्यात ती बहुधा ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढतात. ह्या भाजीतील गूळ केवळ गोडीसाठी नसतो. गवारीचा अंगचा कडसरपणा झाकून तिखट व खारट चवींचा मेळ घालणे हे त्याचे काम असते.

गवार ही वनस्पती

गवार ही शिंबावंत कुलातील वर्षायू वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव सायमॉप्सिस टेट्रागोनोलोबा असे आहे. तिला हिंदीत ग्वार, कन्नडमध्ये गोरीकाई व तेलुगूमध्ये गोरुचिक्कुडु म्हणतात. शेंगा झुपक्यांनी लागतात. मुळे खोल जात असल्याने हे पीक पाण्याचा ताण सोसते. मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, त्यामुळे जमिनीचा कसही सुधारतो. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेल्या आणि वारंवार अवर्षणाला सामोऱ्या जाणाऱ्या धाराशिव जिल्ह्यासारख्या प्रदेशात म्हणूनच ह्या भाजीला महत्त्व आहे.

भाजीसाठी आणि बियांसाठी लावावयाचे वाण वेगवेगळे असतात. नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला ‘पुसा नवबहार’ हा भाजीचा प्रसिद्ध वाण आहे. बियांपासून गवार गोंद मिळतो. राजस्थान हे त्याच्या उत्पादनाचे प्रमुख राज्य असून खाद्य, कापड व खनिज तेल उद्योगांत तो घट्टपणा आणण्यासाठी वापरतात.

कडवटपणा आणि त्यावरील उपाय

गवारीत सॅपोनिन गटातील द्रव्ये असतात; तिच्या कडसर चवीशी त्यांचा संबंध जोडला जातो. शेंग जून झाली की ती तंतुमयही होते आणि कितीही शिजविली तरी चोथा उरतो. म्हणून भाजीची अर्धी गुणवत्ता शेंगा निवडतानाच ठरते. वाकविताच कट्‌कन मोडणारी व आतील बी न फुगलेली शेंग कोवळी समजावी. गावठी गवारीवर बारीक लव असते; ती पाण्यात चोळून धुतल्याने निघते.

पारंपरिक समजुतीनुसार गवार वातुळ आहे. म्हणून तिच्या फोडणीत ओवा घालण्याची पद्धत आहे.

साहित्य

चार जणांसाठी पुढील प्रमाण पुरते : कोवळी गवार २५० ग्रॅम, तेल २ मोठे चमचे, मोहरी व जिरे प्रत्येकी अर्धा लहान चमचा, ओवा पाव चमचा, हिंग व हळद चिमूटभर, ठेचलेल्या लसणाच्या ५-६ पाकळ्या, काळा मसाला दीड लहान चमचा, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट ३ मोठे चमचे, चिरलेला गूळ १ मोठा चमचा, चवीपुरते मीठ व अर्धी वाटी गरम पाणी.

कृती

शेंगांची दोन्ही टोके व कडेच्या शिरा काढून हातानेच बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे मोडतात. शेंग मोडताना शीर आपोआप सुटून येते. सुरीने चिरल्यास ती आत राहते. कढईत तेल तापवून मोहरी, जिरे, ओवा, हिंग, लसूण व हळद ह्यांची फोडणी करतात. त्यात शेंगा टाकून मध्यम आचेवर ४-५ मिनिटे, कडांना किंचित डाग पडेपर्यंत परततात. परतल्याने शेंगेचा हिरवट वास कमी होतो.

नंतर गरम पाणी व मीठ घालून कढईवर झाकण ठेवतात आणि झाकणावर थोडे पाणी ओततात. त्यामुळे आतील वाफ झाकणाला लागून थंड होते व थेंबांच्या रूपाने भाजीवरच पडते. भाजी करपत नाही. शेंग बोटांनी सहज दाबली जाऊ लागली, की काळा मसाला, कूट व गूळ घालतात आणि पाणी आटेपर्यंत परततात.

गूळ शेवटी घालण्यामागे कारण आहे. साखर व कॅल्शियम ह्यांच्या सान्निध्यात शेंगांच्या पेशीभित्तिका लवकर मऊ होत नाहीत आणि गुळात ही दोन्ही असतात. तो आधी घातल्यास शेंगा चिवट राहतात. चिंच वा आमसूल घालावयाचे असल्यास हाच नियम लागू पडतो, कारण आम्लही शेंगा मऊ होऊ देत नाही.

प्रकार

काही घरांत काळ्या मसाल्याऐवजी गोडा मसाला व ओले खोबरे घालतात. गवारीत लाल भोपळ्याच्या फोडी घातल्यास त्यांचीच गोडी पुरते आणि गूळ कमी लागतो. गवार वाळवून ठेवण्याची व तळून तोंडी लावण्याची प्रथाही आहे.

हीच पद्धत श्रावणघेवड्याला किंवा फरसबीलाही लागू करता येते. फरसबी मूळची अमेरिका खंडातील असून ती कडवट नसल्याने तिला गूळ निम्मा पुरतो. अमेरिकेत हिरव्या घेवड्याचा भट्टीत भाजलेला पदार्थ लोकप्रिय आहे. तो १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीत डॉर्कस रायली ह्यांनी तयार केला. त्यात गूळ नसून अळिंबीचे सूप व तळलेला कांदा असतो. मराठी घरांत भट्टीचा वापर रूढ नव्हता. तेथे मंद आच आणि झाकणावरचे पाणी ह्यांवरच भिस्त असे. आज ओव्हन असल्यास वाफविलेल्या शेंगांना तेल, मसाला, कूट व गूळ चोळून १८० अंश सेल्सिअसवर १५ ते २० मिनिटे भाजता येते. गूळ लवकर करपत असल्याने मधूनमधून पाहणे मात्र आवश्यक असते.