निवडणूक जिंकण्याबद्दलचे ऐकीव हिशेब

जून 2024 मध्ये लोकसभेचा निकाल लागला आणि महाराष्ट्रात एकच वाक्य कानावर पडू लागलं: “विधानसभा आता झाली समजा.” 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला, 17 महायुतीला आणि सांगलीची एक अपक्षाला. नोव्हेंबरच्या 23 तारखेला विधानसभेची मतमोजणी झाली, तेव्हा 288 पैकी 230 जागा महायुतीकडे होत्या आणि आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून 46.

मधल्या पाच महिन्यांत काय काय घडलं यावर भरपूर लिहिलं गेलं. पण जूनच्या निकालातच एक आकडा होता, त्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं. दोन्ही बाजूंना राज्यभर मिळालेल्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता. जागा 30 आणि 17, मतं जवळपास सारखी. जिथे लढत इतकी अटीतटीची असते तिथे निवडणूक कशी जिंकली जाते, याबद्दल आपल्याकडे बरंच ऐकीव ज्ञान फिरतं. त्याची खरी किंमत गल्लीतला कार्यकर्ता मोजतो. पाच वर्षं राबतो आणि चुकीच्या जागी राबतो. म्हणून हे हिशेब एकदा नीट मांडून बघावेत असं मला मनापासून वाटतं.

“लोकसभेला लीड आहे, म्हणजे विधानसभा खिशात”

धुळे मतदारसंघाकडे बघा. लोकसभेच्या एका मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. धुळ्यात ते धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडा, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण. 2024 मध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव इथून 3,831 मतांनी खासदार झाल्या. सहापैकी पाच ठिकाणी भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने बच्छाव यांना दीड लाखाहून जास्त मतांची आघाडी दिली आणि पाच ठिकाणची पिछाडी भरून काढली.

लोकसभेत सगळी मतं एकाच टोपलीत पडतात, त्यामुळे हे चालून गेलं. विधानसभेत टोपल्या सहा. मालेगाव मध्यमधली लाखभर जादा मतं शिंदखेड्यात नेता येत नाहीत. नोव्हेंबरमध्ये नेमकं तेच झालं. पाच जागा महायुतीने जिंकल्या आणि मालेगाव मध्यमध्ये एमआयएमचे मुफ्ती इस्माईल अवघ्या 162 मतांनी निवडून आले. लोकसभेला धुळं जिंकलेल्या आघाडीच्या हाती विधानसभेची एकही जागा लागली नाही.

यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. मतं कुठे साठली आहेत आणि कुठे पसरली आहेत, एवढाच प्रश्न आहे. जूनच्या निकालानंतर पक्षाच्या बैठकीत पहिल्यांदा विधानसभानिहाय लीडचा कागद काढायला हवा होता. तो ज्यांनी काढला त्यांना आपण कुठे उभे आहोत हे कळलं.

“ज्याची मतं जास्त, त्याच्या जागा जास्त”

हा समज सर्वांत चिवट आहे. आकडे मात्र त्याच्या अगदी उलट बोलतात.

नोव्हेंबर 2024 मध्ये शरद पवारांच्या राष्ट्रवादीला राज्यात 11 टक्क्यांहून थोडी अधिक मतं मिळाली आणि आमदार आले 10. अजित पवारांच्या राष्ट्रवादीला 9 टक्के मतं, आमदार 41. पहिल्या पक्षाने 86 जागा लढवल्या होत्या, दुसऱ्याने साठच्या आत. पहिल्याची मतं जागोजागी दुसऱ्या क्रमांकाला जाऊन थांबली. आपल्याकडे दुसऱ्या क्रमांकाला काहीच मिळत नाही. 95 हजार मतं घेऊन पडलेला आणि 15 हजार मतं घेऊन पडलेला, दोघेही घरीच बसतात.

भाजपचे तीन निकाल शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट दिसते. 2014 मध्ये युती तुटली, पक्षाने 260 जागा लढवल्या, जवळपास 28 टक्के मतं मिळवली आणि 122 आमदार आले. 2019 मध्ये शिवसेनेबरोबर लढून पावणेसव्वीस टक्के मतं आणि 105 आमदार. 2024 मध्ये फक्त 149 जागा लढवून पावणेसत्तावीस टक्के मतं, आमदार मात्र 132. म्हणजे 2014 पेक्षा मतांचा टक्का कमी आणि आमदार दहा जास्त. 2014 ची मतं जवळपास सगळ्या राज्यभर पसरलेली होती, 2024 ची दीडशे जागांवर एकवटलेली होती आणि त्यात मित्रपक्षांच्या मतदारांची भर पडली होती. उरलेल्या जागांवर भाजपच्या मतदाराने शिवसेना किंवा राष्ट्रवादीचं बटण दाबलं, ती मतं त्या पक्षांच्या नावावर जमा झाली. म्हणूनच टीव्हीवर दिसणाऱ्या टक्केवारीवरून पक्षाची ताकद ठरवताना आधी विचारावं: लढवल्या किती?

महाराष्ट्रात हा प्रश्न टाळताच येत नाही. विधानसभेत स्वबळावर बहुमत मिळवणारा शेवटचा पक्ष म्हणजे 1985 ची काँग्रेस, 161 जागा. 1990 मध्ये तिची गाडी 141 वर अडली. त्यानंतर 145 चा आकडा एकट्याने कुणालाच गाठता आलेला नाही. साडेतीन दशकं आपलं राज्य जागावाटपाच्या टेबलावर चालत आलं आहे. त्या टेबलावर किती जागा मिळाल्या यावर कार्यकर्ते भांडतात. खरं तर कोणत्या जागा मिळाल्या यावर भांडायला हवं.

“आघाडी झाली की मतांची बेरीज होते”

कधी होते, कधी नाही. 26 फेब्रुवारी 2023 ला पुण्यात कसबा पेठ आणि शेजारी चिंचवड, अशा दोन पोटनिवडणुका एकाच दिवशी झाल्या. कसबा भाजपचा जुना बालेकिल्ला. तिथे आघाडीचा उमेदवार एकच होता, काँग्रेसचे रवींद्र धंगेकर, आणि ते जिंकले. चिंचवडमध्ये आघाडीतर्फे राष्ट्रवादीचे नाना काटे उभे होते, पण राहुल कलाटे अपक्ष म्हणून रिंगणात राहिले. भाजपच्या अश्विनी जगताप 36 हजारांच्या फरकाने जिंकल्या आणि कलाटेंना 44 हजार मतं पडली. ती सगळी मतं काटेंकडे गेली असती असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. अपक्षाची मतं कधीच अख्खी एका बाजूला वळत नाहीत. तरी बंडखोराची समजूत अर्ज मागे घेण्याच्या मुदतीआधी काढणं किती मोलाचं काम आहे, हे त्या आकड्यांवरून कळतं.

सांगलीत तर बंडखोरीचंच मतदान झालं. 2024 मध्ये लोकसभेची जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला सुटली, तळातली काँग्रेस विशाल पाटलांच्या मागे उभी राहिली, पाटील अपक्ष म्हणून निवडून आले आणि आघाडीच्या अधिकृत उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं लागतात, तेवढीही मिळाली नाहीत. मुंबईत नेत्यांनी हात मिळवले म्हणून मिरज-तासगावातली मनं जुळत नसतात. मत वळवायला गावातल्या दोन्ही पक्षांच्या माणसांनी एकत्र दारोदार जावं लागतं, आणि त्याची सुरुवात तिकीट जाहीर झाल्यावर करून भागत नाही.

“सभेला गर्दी, म्हणजे हवा आपली”

18 ऑक्टोबर 2019 ची साताऱ्याची सभा कुणीच विसरलेलं नाही. भर पावसात शरद पवार बोलत राहिले. त्या सभेने कार्यकर्त्यांत जीव आला हे मी नाकारणार नाही. लोकसभेच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी उदयनराजे भोसले यांना हरवलं आणि राज्यात राष्ट्रवादी 41 वरून 54 वर गेली. पण त्याच निकालात भाजप-शिवसेनेला मिळून 161 जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत होतं. पुढचं सत्तांतर निकालानंतरच्या घडामोडींतून आलं. सभा माणसाला घराबाहेर पडायचं बळ देते. मतदान केंद्रापर्यंत नेऊन सोडत नाही.

“पैसे वाटले, बायकांनी मतं दिली”

हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. त्यात बाईला अक्कल नाही हे गृहीत धरलेलं असतं.

जून 2024 च्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली, महिना 1,500 रुपये. निवडणुकीपर्यंत दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात पाच हप्ते, म्हणजे साडेसात हजार रुपये जमा झाले होते. प्रचारात महाविकास आघाडीने महिना 3,000 रुपयांचं आश्वासन दिलं, महायुतीने 2,100 चं. नुसत्या पैशावर मत पडत असतं तर तीन हजारवाला जिंकायला हवा होता. बाईने हातात आलेले पैसे आणि पुढे येणार म्हणून सांगितलेले पैसे यांत फरक केला. घर चालवणारी कुणीही तो करील.

दुसरी गोष्ट पोहोचण्याची. अर्ज भरताना आधार, बँक खातं, उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड, सगळं जुळवावं लागत होतं. अंगणवाडीताईंपासून गल्लीतल्या कार्यकर्त्यांपर्यंत सगळे त्या कामाला लागले होते. ज्याने अर्ज भरून दिला त्याला त्या घरात पुन्हा जायला कारण मिळालं. चार महिने चाललेला हा संपर्क कुठल्याही जाहिरातीत विकत मिळत नाही. शिवाय मतामागे इतर कारणंही असतात. लोकसभेला नाशिक पट्ट्यात कांद्याच्या निर्यातबंदीचा राग होता, विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनच्या भावाचा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफी जाहीर झाली तीही याच दिवसांत. योजनेने एकटीने सरकार आणलं, असं म्हणणंही म्हणूनच अपुरं.

“चिन्हाचं काय, लोक माणूस बघतात”

मतदान यंत्राच्या पट्टीवर नाव असतं, शेजारी फोटो आणि चिन्ह. आत उभं राहिल्यावर माणसाला फार वेळ थांबायला संकोच वाटतो. म्हाताऱ्या माणसाला घरून सांगितलेलं असतं, “तुतारी बघ.” शरद पवारांच्या पक्षाचं नवं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस, आणि लोकसभेला काही मतदारसंघांत अपक्षांना मिळालेलं चिन्ह होतं नुसती तुतारी, लोक तिला पिपाणी म्हणतात. साताऱ्यात शशिकांत शिंदे सुमारे 32 हजार 700 मतांनी पडले. तिथल्या पिपाणीला 37 हजारांवर मतं होती. दिंडोरीत पिपाणीला लाखाहून अधिक मतं गेली, तरी भास्कर भगरे जिंकले, त्यांचं मताधिक्य तर त्याहूनही मोठं होतं. पिपाणीचं प्रत्येक मत चुकून पडलेलं नसेल. पण नव्या चिन्हासाठी वेगळा वेळ, वेगळी माणसं लावावी लागतात, एवढं मात्र पक्कं.

“नोटाला जास्त मतं पडली तर निवडणूक रद्द होते”

विधानसभा-लोकसभेला नाही. 2019 मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा 27 हजारांवर मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर होता. पहिला असता तरी त्याच्याखालचा उमेदवार निवडून आला असता. फेरनिवडणुकीचा नियम राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये केला तो फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी.

“एका मताने काय होतंय”

मुंबई उत्तर पश्चिममध्ये हजाराहून अधिक केंद्रं आहेत. 2024 च्या लोकसभेला तिथे रवींद्र वायकर 48 मतांनी जिंकले. त्याच वर्षी विधानसभेला साकोलीत नाना पटोले 208 मतांनी, बेलापुरात मंदा म्हात्रे 377 मतांनी. अशा ठिकाणी सगळा खेळ बूथवर येतो, आणि बूथचं काम मतदानाच्या सकाळी सुरू होत नाही.

ते यादीपासून सुरू होतं. नवं नाव घालायला नमुना 6, वगळायला 7, पत्ता किंवा चूक दुरुस्त करायला 8. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी गोठते, मग काहीही करता येत नाही. नोव्हेंबर 2024 नंतर यादीतल्या वाढीव नावांवरून राज्यात मोठा वाद झाला. त्या वादाचं काहीही होवो, प्रारूप यादी लागते तेव्हा ती घरोघर पडताळून हरकत घेणारा माणूस प्रत्येक केंद्रावर असणं ही पक्षाचीच जबाबदारी आहे. भाजपचा पन्नाप्रमुख म्हणजे यादीच्या एका पानाचा जबाबदार माणूस. शिवसेनेच्या शाखेतला गटप्रमुख वेगळ्या नावाने हेच करत आला आहे.

मी दोन निवडणुकांत केंद्रापासून 200 मीटर लांबच्या टेबलावर बसलो आहे. टेबल, दोन खुर्च्या, छपाईची यादी, लाल पेन. मतदार येतो, नाव सांगतो, आपण भाग क्रमांक आणि अनुक्रमांक पांढऱ्या चिठ्ठीवर लिहून देतो आणि यादीत खूण करतो. चिठ्ठीवर पक्षाचं चिन्ह चालत नाही. दुपारी दोनला जेवणाचा डबा बाजूला सारून पानं उलटायची असतात. खूण नसलेली नावं मोजायची. यातला एक पुण्याला नोकरीला गेलाय, एक वारलाय पण नाव राहिलंय, एका घरातली चार माणसं सोयाबीन काढायला शेतात आहेत. त्या चौघांना आणायला कोण जाईल, हे तिथल्या तिथे ठरतं. मोटारसायकलवाला पोरगा साडेतीनला शेताच्या बांधावर पोहोचतो, माणसं म्हणतात हातातलं वावर संपवून येतो, आणि ती केंद्राच्या आवारात येतात तेव्हा सहाला पाच मिनिटं कमी असतात, पुढे साठ-सत्तर जणांची रांग.

सहा वाजले की मतदान बंद, असं समजून पुष्कळ जण अशा वेळी माघारी फिरतात. प्रत्यक्षात सहाच्या ठोक्याला रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. केंद्राध्यक्ष क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वाटतात, आणि नंतर आलेलं कुणी मागे चिकटू नये म्हणून पहिली चिठ्ठी रांगेतल्या शेवटच्या माणसाच्या हातात देतात.