शिष्यवृत्ती : गुणांची आणि गरजेची

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाण्यापासून कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथपर्यंत आपल्या बहुतेक मंडळांत गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र, बाबासाहेबांचा ग्रंथ आणि पाकिटात काही रोख रक्कम असे त्याचे स्वरूप असते. हा उपक्रम स्तुत्य आहे व तो चालूच राहिला पाहिजे. परंतु सत्कारानंतर थोड्याच दिवसांत हेच पालक प्रवेशाच्या खिडकीपाशी उभे असतात आणि तेथे त्यांना निराळेच प्रश्न पडतात. मुलीला गुणांवर एका ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली, आता सरकारची बंद होईल काय? मुलाला खुल्या जागेवर प्रवेश मिळाला, त्याची सवलत गेली काय? वडील रेल्वेत आहेत, मग अर्ज करण्यात अर्थ आहे काय? या प्रश्नांची नीट उत्तरे न मिळाल्याने कोणी हक्काचे पैसे सोडून देतो, तर कोणी दहा हजारांच्या मोहात लाखाचे नुकसान करून घेतो. म्हणून गुणांची शिष्यवृत्ती आणि गरजेची मदत यांचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे येथे सोप्या शब्दांत मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

बाबासाहेबांच्या शिक्षणाचा हिशेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकले, एवढे आपल्याला पाठ असते. सयाजीराव महाराज गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, हे खरेच आहे. पण ती शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. पुढे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना १९१७ साली परत यावे लागले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून साठविलेल्या पैशांवर, राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्यावर आणि नवल भथेना या मित्राने दिलेल्या पाच हजार रुपयांच्या कर्जावर. म्हणजे शिष्यवृत्ती, स्वतःची बचत, राजाश्रय आणि मित्राचे कर्ज या चारही गोष्टी जोडल्या तेव्हा ते शिक्षण पुरे झाले.

हा अनुभव बाबासाहेब विसरले नाहीत. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेनंतर १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४२ साली त्यांनी सरकारला सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी केली. १९४४-४५ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले ज्याला नुसते ‘स्कॉलरशिप’ म्हणतात ती हीच. १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलतींचा प्रश्न उभा राहिला. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, आणि १९९० च्या कायद्याने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या यादीत समावेश झाला. आपल्या मुलांच्या अर्जामागे एवढा इतिहास उभा आहे.

तीन प्रकार ओळखावेत

पहिला प्रकार निव्वळ गुणांचा. राजर्षी छत्रपती शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती हे त्याचे उदाहरण होय. दहावीला ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळविणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला अकरावी-बारावीत दरमहा ३०० रुपये, वर्षाला दहा महिने मिळतात. येथे उत्पन्नाची अट नाही.

दुसरा प्रकार गरजेचा. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या प्रकारात मोडते. टक्केवारी कितीही असो, विद्यार्थी उत्तीर्ण असावा, त्याची हजेरी ७५ टक्के असावी आणि आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असावे. यात महाविद्यालयाचे परत न मिळणारे सक्तीचे शुल्क आणि शिवाय वार्षिक भत्ता मिळतो.

तिसऱ्या प्रकारात गुण आणि गरज या दोन्ही अटी असतात. आठवीत परीक्षा देऊन मिळणारी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती अशी आहे. शासकीय, अनुदानित किंवा नगरपालिका-महानगरपालिकेच्या शाळेतील, साडेतीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलांना ती नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये देते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनाही दोन्ही अटींची आहे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

अडीच लाखांची रेषा

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची अडीच लाखांची मर्यादा २०१३-१४ मध्ये ठरली. त्यानंतर सातवा वेतन आयोग आला. रेल्वेतील अगदी खालच्या श्रेणीच्या कर्मचाऱ्याचे मूळ वेतन १८ हजार रुपये झाले, म्हणजे वर्षाला २ लाख १६ हजार. त्यात महागाई भत्ता मिळविला की रेषा ओलांडली जाते. कल्याणच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या खलाशाचा मुलगा अशा रीतीने ‘गरजू’ या व्याख्येतून बाहेर पडतो. याउलट मोहन्याची एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडल्यावर ज्यांच्या घरातील कायम नोकरी गेली आणि जे ठेकेदाराकडे रोजंदारीला लागले, त्यांची मुले रेषेच्या आत येतात.

रेषेच्या बाहेर गेलेल्यांनी अर्जच करू नये, असा मात्र समज आहे, आणि तो चुकीचा आहे. अडीच लाखांच्या वर उत्पन्न असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क योजना, म्हणजेच फ्रीशिप, आहे. त्यात भत्ता मिळत नाही, पण शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क मिळते. अर्ज दोन्ही योजनांसाठी महाडीबीटी संकेतस्थळावरच भरावा लागतो. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीची मर्यादा व मुदत मात्र जरूर पाहावी.

एका वेळी एकच शिष्यवृत्ती

आता मुख्य मुद्दा. मॅट्रिकोत्तर योजनेच्या नियमानुसार ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन एकाच वेळी घेता येत नाही. दुसरी मिळाल्यास, जी अधिक फायद्याची असेल ती निवडून प्राचार्यांमार्फत कळवावे लागते. दुसरी स्वीकारल्याच्या तारखेपासून पहिली थांबते.

पण त्याच नियमात एक मोलाची सूट आहे. पुस्तके व साधने घेण्यासाठी, तसेच राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी राज्य सरकारकडून किंवा अन्य कोठूनही मिळालेली मदत, तसेच मोफत निवास, हे सर्व शिष्यवृत्तीबरोबर घेता येते. म्हणजे कायदा ‘शिष्यवृत्ती’ आणि ‘साहाय्य’ यांत फरक करतो.

उदाहरणाने पाहू. समजा, अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीचे वर्षाचे शुल्क ९० हजार रुपये आहे आणि ती घरून ये-जा करते. मॅट्रिकोत्तर योजनेतून तिला ९० हजारांचे शुल्क व ७ हजारांचा भत्ता, असे ९७ हजार मिळतात. एका ट्रस्टने तिला गुणांवर २० हजारांची शिष्यवृत्ती देऊ केली. ती शिष्यवृत्ती म्हणून स्वीकारली तर ९७ हजार जातील आणि २० हजार येतील. तीच रक्कम ट्रस्टने पुस्तके किंवा संगणक घेण्यासाठी साहाय्य म्हणून दिली, तर दोन्ही मिळून १ लाख १७ हजारांचा आधार होतो. नाव बदलून पैसे घ्यावेत असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. मदतीचा उद्देशच तसा असावा, पत्रात तो स्पष्ट लिहिलेला असावा आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. देणाऱ्यांना हा नियम समजावून सांगितला तर पुष्कळजण आनंदाने तसे पत्र देतात.

भत्त्याचे आकडेही ध्यानात ठेवावेत. घरून ये-जा करणाऱ्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला वर्षाला २,५०० रुपये, बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी ३,००० रुपये, तर अभियांत्रिकी-वैद्यकीयसाठी ७,००० रुपये मिळतात. वसतिगृहात राहणाऱ्यांना हेच आकडे अनुक्रमे ४,०००, ६,००० आणि १३,५०० असे आहेत. लोकलचा पास, झेरॉक्स, वह्या व दुपारचा डबा यांचा खर्च डोळ्यांसमोर आणला म्हणजे वर्षाला तीन हजारांत काय भागते ते सांगण्याची गरज नाही. शुल्काचा भार सरकार उचलते. रोजच्या खर्चाचा भार घरावरच राहतो.

खात्यात आलेला पैसा कोणाचा?

२०२०-२१ पासून या योजनेत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के झाला, आणि २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागला. यात भत्ता असतो, तसेच महाविद्यालयाचे शुल्कही असते. घरात आजारपण किंवा लग्नकार्य असताना खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की ती खर्च होऊन जाते. नंतर महाविद्यालय शुल्क मागते, आणि निकाल व दाखला मिळण्याच्या वेळी पोराची कुचंबणा होते. पैसा जमा होताच शुल्काचा भाग महाविद्यालयात भरून पावती घ्यावी आणि उरलेलाच आपला समजावा.

शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क घेऊ नये, असे शासनाचे धोरण आहे. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी फ्रीशिप कार्डाची तरतूदही आहे. तरीही आधी पैसे भरा, आल्यावर परत देऊ, असे ऐकावे लागते. अशा वेळी हुज्जत न घालता प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि प्रत सहायक आयुक्त, समाज कल्याण, ठाणे यांच्या कार्यालयात द्यावी.

स्वाधार आणि खुली जागा

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. तिची मदत भोजन, निवास व निर्वाह यांसाठी असते. ठाणे, मुंबई, नवी मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत शिकणाऱ्यास वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. येथे अडीच लाखांची मर्यादा आहे, तशीच मागील परीक्षेत किमान ५० टक्के गुणांची अटही आहे. विद्यार्थी त्या शहराचा स्थानिक रहिवासी मात्र नसावा. शहापूर-मुरबाडहून ठाण्यात शिकायला येऊन खोली घेऊन राहणाऱ्या मुलास ती मिळू शकते. ठाण्यातच घर असलेल्यास मिळत नाही. गुण आणि गरज हातात हात घालून चालतात ते असे.

खुल्या जागेविषयी एवढेच सांगावयाचे आहे की, गुणवत्तेवर खुल्या जागेवर प्रवेश मिळाल्याने विद्यार्थ्याची जात किंवा त्याच्या घरचे उत्पन्न बदलत नाही. म्हणून सीईटीचा व केंद्रीय प्रवेशाचा अर्ज भरताना आपला प्रवर्ग लिहावा, जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र जोडावे. “आम्हाला सवलतीची गरज नाही” म्हणून प्रवर्गाचा रकाना कोरा ठेवणाऱ्यास पुढे शुल्काची सवलत मागताना अडचण येते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला मात्र शिष्यवृत्ती मिळत नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच समजून घ्यावे.

मंडळांनी काय करावे?

आता आपल्या स्वतःच्या घरात पाहू. आपल्या मंडळांकडे मोठा निधी नसतो. सभासदांची वर्गणी, स्मरणिकेच्या जाहिराती आणि वर्षावासात जमलेले दान एवढीच आपली पुंजी. ९२ टक्के मिळविणाऱ्या नोकरदाराच्या मुलाला दोन हजारांचे पाकीट द्यायचे, की धुणीभांडी करणाऱ्या माउलीच्या ६१ टक्क्यांच्या मुलीचे परीक्षा शुल्क भरायचे? आमचे मत असे की, दोघांचाही सन्मान व्हावा, पण पैसा गरजेकडे जावा. गुणवंताला व्यासपीठ, प्रमाणपत्र व ग्रंथ द्यावा. त्याच्या श्रमाचे चीज समाजाच्या टाळ्यांनी होते. रोख रक्कम मात्र एकत्र करून तिचा फिरता निधी करावा. सरकारी पैसा येईपर्यंत ज्याचे शुल्क किंवा परीक्षेचा अर्ज अडला आहे त्याला त्यातून उसनवार द्यावी आणि शिष्यवृत्ती जमा होताच ती परत घ्यावी. याप्रमाणे पन्नास हजारांचा निधी दरवर्षी नव्या मुलांच्या उपयोगी पडू शकतो. जी मदत परत घ्यायची नाही ती ‘पुस्तके व साधनांसाठी साहाय्य’ न म्हणता ‘शिष्यवृत्ती’ म्हणून देऊ नये. पुस्तके, साधने, राहणे-जेवण असा उद्देश पत्रात स्पष्ट लिहावा. नाहीतर आपल्या पाचशे रुपयांनी त्याच्या हक्काच्या रकमेस बाधा यायची.

दुसरी विनंती कार्यालयांत व बँकांत नोकरी करणाऱ्या बंधू-भगिनींना आहे. प्रवेशाच्या दिवसांत दर रविवारी दोन तास विहारात बसून अर्ज भरून द्यावेत. उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढणे, आधार खात्याशी जोडणे, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज विसरू न देणे, ही कामे लहान दिसतात; पण शिष्यवृत्ती हुकते ती बहुधा येथेच.

बाबासाहेबांना चार ठिकाणांहून जोडाजोड करून शिकावे लागले. आपल्या मुलांसाठी ती जोडाजोड समाजाने करावी, हेच खरे दान, असे आम्हांस वाटते.

जयभीम! नमो बुद्धाय!