दोन पायांचं कोडं

पाठीत सुरी लागलेला एक माणूस. जखम खोल, पण मज्जारज्जूचा फक्त उजवा अर्धा भाग कापला गेलेला. काही आठवड्यांनी त्याला तपासलं तर काय दिसतं? उजवा पाय लुळा. डोळे मिटायला सांगून डॉक्टरांनी त्या पायाचा अंगठा वर केला की खाली, हे त्याला सांगता येत नाही. मात्र तिथे टाचणी टोचली की तो 'आई गं' म्हणतो. डावा पाय छान हलतो, त्यावर कापसाचा बोळा फिरवलेलाही कळतो. पण टाचणीचं दुखणं त्या पायाला नाही. कढत पाणी आणि गार पाणी त्याला सारखंच. जखम एक, पाय दोन, आणि दोघांचं हरवलंय मात्र निराळं.

'पायाला कळतं' असं आपण म्हणतो, तेव्हा कळणं ही एकच गोष्ट आहे असं धरून चालतो. मज्जारज्जूत तसं नाही. करंगळीएवढा जाड आणि जेमतेम ४५ सेंटिमीटर लांब असलेल्या या दोरात चेतांच्या ३१ जोड्या येऊन मिळतात. संवेदना आत शिरतात त्या मागच्या बाजूने, आणि शिरताच त्यांच्या वाटा फुटतात.

हलका स्पर्श, कंप आणि सांधा कुठे वळलाय याची खबर नेणारे तंतू आत आले की कुठेही न थांबता, ज्या बाजूने आले त्याच बाजूने, मज्जारज्जूच्या मागच्या भागातून वर जातात. त्यांचा पहिला थांबा थेट मेंदूच्या देठात, कवटीच्या तळाशी. असा तंतू ज्या पेशीचा, तिचा मुख्य भाग मणक्यांलगतच्या एका गाठीत असतो. तिचा एक फाटा पायाच्या बोटापर्यंत उतरतो, दुसरा कवटीपर्यंत चढतो. म्हणजे उंच माणसात दीड मीटरहून लांब अशी ही एकच पेशी! कितीदा वाचलं तरी मला याचं नवल वाटतं. वर पोचल्यावर ती आपली खबर पुढच्या पेशीच्या हवाली करते आणि ती पुढची पेशी तिथे बाजू बदलते.

वेदना आणि उष्ण-थंडाची तऱ्हा वेगळी. त्यांचे तंतू मज्जारज्जूत शिरल्या शिरल्याच खबर दुसऱ्या पेशीला देतात. ती पेशी एक-दोन मणक्यांच्या अंतरातच पलीकडे जाते आणि समोरच्या बाजूने वर चढते. दोन्ही वाटा शेवटी मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागाला आणि तिथून मेंदूच्या बाह्य थराला मिळतात.

आता तो कापलेला उजवा भाग पाहा. उजव्या पायाच्या स्थितीची खबर अजून बाजू बदलायचीच होती, ती तुटली. डाव्या पायाची वेदना आधीच पलीकडे येऊन उजवीकडून चढत होती, तीही तुटली. हालचालीचे हुकूम मेंदूच्या देठातच बाजू बदलून खाली येतात, म्हणून लुळा पडला तो उजवाच पाय.

हे कोडं सोडवणारा शार्ल एदुआर ब्राऊन-सेकार १८१७ मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुईत जन्मला. पुढे ज्या बेटावर कोकणातली माणसंही ऊसमळ्यांत राबायला गेली, तेच हे बेट. संवेदना मज्जारज्जूच्या मागच्या भागातूनच वर जातात, असं तेव्हाचे जाणकार मानत. १८४९-५० च्या सुमारास त्याने प्राण्यांच्या मज्जारज्जूचा अर्धाच भाग कापून पाहिला, तर वेदना नाहीशी झाली होती विरुद्ध बाजूची. आजही या लक्षणसमूहाला त्याचंच नाव आहे.

वाटांप्रमाणे वेगही निराळे. स्पर्शाचे जाड तंतू सेकंदाला ५० मीटरच्या आसपास धावतात. ठसठसणारी वेदना नेणारे बारीक तंतू सेकंदाला मीटरभर. उंबरठ्याला ठेच लागली की आपटल्याचं लगेच कळतं, कळ मागाहून येते, ती यामुळे. आणि लागलेली जागा आपण चोळतो त्यालाही अर्थ आहे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलं, की स्पर्शाचे संकेत मज्जारज्जूतच वेदनेची वाट आवळतात. तपशील पुढे बदलले, मूळ कल्पना टिकली.

मागच्या भागातली वाट बी-१२ च्या अभावानेही झिजते. या जीवनसत्त्वावाचून तंतूंवरचं आवरण बिघडतं. सकाळी बेसिनपाशी उभं राहून तोंडावर पाणी मारायला डोळे मिटले, की तोल जातो. पाय कुठे आहेत हे डोळ्यांकडूनच कळत होतं ना! मुंग्या येतात, जमीन कापसासारखी लागते, अशी तक्रार घरातल्या ज्येष्ठांनी केली, की 'वयच झालं' म्हणून ती सोडून दिली जाते, याचा मला राग येतो. वेळीच कळलं तर हे पुष्कळदा भरून निघतं आणि लवकर कळण्यासाठी एक रक्ततपासणी आणि घोट्यावर टेकवलेला नादकाटा इतकंच लागतं.

सुरी लागलेल्या त्या माणसाच्या डाव्या पायावरून डॉक्टर टाचणी हळूहळू वर नेतात. मांडी, पोट, आणि मग बरगडीखाली एके ठिकाणी तो म्हणतो, 'आता टोचलं.' तिथे पेनने त्वचेवर एक रेघ ओढतात. एमआरआय व्हायच्या आधीच त्यांना ठाऊक असतं, की जखम त्या रेघेच्या जरा वर, पलीकडच्या बाजूला आहे.