वाघ खरा की कापडाचा?

काही महिन्यांपूर्वी एका शिक्षक-शिबिरात बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. त्यांच्या वर्गातला एक मुलगा सांगत असे की, शाळेमागच्या पाण्याच्या टाकीत एक मगर राहते आणि मधल्या सुट्टीत ती त्याच्याकडून पोळीचा तुकडा मागून घेते. हळूहळू इतर मुले टाकीकडे जायला घाबरू लागली. बाईंनी मुलाच्या वडिलांना बोलावून घेतले. वडिलांनी सगळ्यांसमोर मुलाच्या थोबाडीत मारली आणि म्हणाले, “पुन्हा खोटं बोललास तर याद राख.”

“त्यानंतर मगरीचं नाव निघालं नाही, सर,” बाई म्हणाल्या. “पण तो आता काहीच सांगत नाही. फळ्यावरचं उतरवून घेतो, गणितं करतो, पण आपणहून बोलत नाही. माझं काय चुकलं?”

त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. परतीच्या एस.टी.त मात्र एका चित्रमालिकेतले आईबाबा सारखे आठवत राहिले. त्यांच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा विचार करू.

दोघांना दिसणारे दोन वाघ

बिल वॉटरसन या अमेरिकन चित्रकाराची ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’ ही चित्रमालिका १८ नोव्हेंबर १९८५ रोजी सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९९५ रोजी त्याने ती आपणहून थांबवली. कॅल्व्हिन सहा वर्षांचा आहे. हॉब्ज हा त्याचा वाघ. कॅल्व्हिन एकटा असतो तेव्हा हा वाघ दोन पायांवर चालतो, वाद घालतो, त्याच्या अंगावर झेप घेतो. चौकटीत तिसरे कोणी आले की तोच वाघ कापूस भरलेले खेळणे होऊन कोपऱ्यात पडलेला दिसतो.

यातला खरा वाघ कोणता? वॉटरसनने याचा निकाल मुद्दामच दिलेला नाही. कॅल्व्हिनला जे दिसते ते कॅल्व्हिनच्या दृष्टीने सुसंगत असते आणि मोठ्यांना दिसते ते मोठ्यांच्या दृष्टीने. एका प्रसंगात हॉब्ज कॅल्व्हिनला दोरीने खुर्चीला बांधून टाकतो. बाबा येऊन पाहतात तर मुलगा घट्ट बांधलेला आणि शेजारी खेळण्यातला वाघ. याने स्वतःला बांधून तरी कसे घेतले, हे कोडे बाबांना सुटत नाही.

या आईबाबांना संपूर्ण मालिकेत नावे नाहीत. ते फक्त कॅल्व्हिनचे आई आणि बाबा आहेत. पुठ्ठ्याचे एक खोके कधी माणसाचा प्राणी करणारे यंत्र होते, तर कधी एका कॅल्व्हिनचे अनेक कॅल्व्हिन करणारे. त्या गोंधळात आई वैतागते, ओरडते, मुलाला खोलीत पाठवते. पण ‘वाघ वगैरे काही नसतो’ हे मुलाकडून वदवून घेण्याच्या मागे ती लागत नाही. वाघ हरवला तर त्याला शोधावेच लागणार, हे तिला ठाऊक आहे.

पालकांच्या तीन तऱ्हा

चित्रमालिकांतले पालक पूर्वीपासून असेच होते असे नाही. १९०५ साली ‘न्यूयॉर्क हेरल्ड’मध्ये विन्सर मॅके याची ‘लिटल नीमो’ ही मालिका सुरू झाली. पानभर नीमोचे अद्भुत स्वप्न चालते आणि शेवटच्या छोट्या चौकटीत तो पलंगावर, नाही तर पलंगाखाली जागा होतो. तिथे घरच्या मोठ्यांचे काम एवढेच असते, त्याला दटावून झोपायला सांगणे. कधी रात्रीच्या खाण्यावर खापर फोडले जाते. म्हणजे कल्पना हा पोटाचा विकार!

१९४२ साली क्रॉकेट जॉन्सन याची ‘बार्नबी’ ही मालिका न्यूयॉर्कच्या ‘पीएम’ या दैनिकात आली. बार्नबीला पंख असलेला, सिगार ओढणारा एक परीकाका भेटतो. वाचकाला तो दिसतो, पण बार्नबीच्या आईवडिलांना कधीच दिसत नाही. मुलाच्या डोक्यात काही बिघाड तर नाही ना, या काळजीने ते त्याला बालमानसतज्ज्ञाकडे नेतात. इथे कल्पना हा मनाचा विकार ठरतो.

कॅल्व्हिनचे आईबाबा ही तिसरी तऱ्हा. ते मुलाला स्वप्नातून हलवून जागे करत नाहीत, उपचारालाही नेत नाहीत. कुरकुरत का होईना, वाघासकट संसार करतात.

आपल्याकडे १९९१ साली ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ आला. चिंटूचा भर अद्भुतापेक्षा खोड्यांवर आणि हजरजबाबीपणावर. पण मुलाच्या तऱ्हेवाईक तर्कापुढे निरुत्तर होणारे आईपप्पा तिथेही आहेत.

मुलांना ठाऊक असते का?

मोठ्यांच्या मनात मूळ भीती असते ती अशी, की मुलाला खरे आणि काल्पनिक यांतला फरक कळत नसेल तर? याचे उत्तर बालमानसशास्त्राने बऱ्याच प्रमाणात दिले आहे.

अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठातील मार्जरी टेलर यांनी काल्पनिक सवंगड्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या गटाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, पाहणीतल्या सुमारे ६५ टक्के मुलांना वयाच्या सातव्या वर्षापर्यंत कधी ना कधी असा सवंगडी होता. यात पूर्णपणे अदृश्य सवंगडी आले, तसेच हॉब्जसारखी ‘जिवंत’ खेळणीही आली. आणखी एक गंमत म्हणजे, संशोधक फारच गंभीरपणे चौकशी करू लागले की काही मुलेच त्यांना समजावत, “हे सगळं खोटं-खोटं आहे बरं का.”

दुसरा प्रयोग तुम्ही स्वतः करून पाहू शकता. तो मानसशास्त्रज्ञ ॲलन लेस्ली यांचा आहे आणि आपल्या भातुकलीशी त्याचे जवळचे नाते आहे. दोन रिकामे पेले घ्या. रिकाम्या किटलीतून दोन्हींत ‘चहा’ ओता. आता एक पेला उपडा करून झटका आणि पुन्हा सरळ ठेवा. मग दोन-तीन वर्षांच्या मुलाला विचारा, कोणता पेला रिकामा आहे? मूल उपडा केलेला पेला दाखवते. वास्तविक दोन्ही पेले रिकामेच आहेत, आणि तेही त्याला ठाऊक आहे. खेळातले जग आणि खरे जग अशी दोन खाती ते मनात वेगवेगळी ठेवते आणि एकाची रक्कम दुसऱ्यात मिसळू देत नाही.

मग वर्गातली मुले टाकीला का घाबरली? याचाही प्रयोग झालेला आहे. इंग्लंडमध्ये पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार व सहा वर्षांच्या मुलांना एका रिकाम्या पेटीत राक्षस आहे अशी कल्पना करायला सांगितले. हा राक्षस खोटा आहे हे मुले मान्य करत. पण त्यांना खोलीत एकटे सोडल्यावर काही जण पेटीत डोकावून पाहत. यात मुलांनाच हसण्याचे कारण नाही. पडद्यावरचे भूत खोटे आहे हे पक्के माहीत असूनही रात्री अंगणातला दिवा लावूनच बाहेर पडणारे आपणही आहोत. काल्पनिक असल्याचे ज्ञान आणि भीती ही दोन्ही एकाच मनात एकाच वेळी राहू शकतात.

कल्पनेतून तर्काकडे

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग १९८८ सालचा, मारिया डायस आणि पॉल हॅरिस यांचा. त्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना साधारण अशी कोडी घातली : सगळी मांजरे भुंकतात. रेक्स हे मांजर आहे. तर रेक्स भुंकतो का?

कोडे नेहमीच्या सुरात सांगितले की पुष्कळ मुले म्हणत, “नाही, मांजरं म्यावम्याव करतात.” पण तेच कोडे गोष्टीसारखे, म्हणजे आपण एका दुसऱ्याच ग्रहावर आहोत असे समजून सांगितले, की ती बिनचूक सांगत, “हो, भुंकतो.” म्हणजे अनुभवाच्या विरुद्ध असलेले गृहीतक क्षणभर धरून त्यावरून निष्कर्ष काढण्याची क्षमता त्यांच्यात होतीच. कल्पनेच्या दारातून ती सहज बाहेर आली.

आता आठवीच्या पुस्तकातील वाक्य आठवा : ‘पृष्ठभागावर घर्षण अजिबात नाही असे समजू.’ असा पृष्ठभाग कोणी पाहिला आहे? भूमितीतला जाडी नसलेला बिंदू कोणाला दिसला आहे? ‘असे समजू’ हा विज्ञानाचा पाया आहे, आणि त्याचा पहिला सराव काठीच्या घोड्यावर आणि भातुकलीतल्या चहावर होतो. त्या मुलाच्या मगरीला थोबाडीत मिळाली तेव्हा ‘असे समजू’लाही मिळाली.

बाबांची चूक, आणि माझी

मात्र कॅल्व्हिनच्या बाबांकडून आणखी एक धडा घ्यायचा आहे, तो उलट बाजूचा. बाबा पेटंटचे वकील आहेत, शिकलेले आहेत. कॅल्व्हिन त्यांना अगदी खरे प्रश्न विचारतो. जुने फोटो काळे-पांढरे का? बाबा सांगतात, तेव्हा जगच काळे-पांढरे होते. पूल किती वजन पेलेल हे कसे कळते? तर पूल मोडेपर्यंत अधिकाधिक जड ट्रक त्यावरून नेतात, शेवटच्या ट्रकचे वजन करतात आणि पूल पुन्हा बांधतात! वाचताना आपण हसतो. कॅल्व्हिन बिचारा ते खरे मानून निघून जातो.

एकदा मात्र बाबा खरे उत्तर देतात. ग्रामोफोनच्या तबकडीवर एक बिंदू कडेला आणि एक मध्याजवळ आहे. दोघांची फेरी एकाच वेळात पूर्ण होते, तरी दोघांचा वेग वेगळा असतो. (केंद्रापासून १५ सें.मी.वरचा बिंदू एका फेरीत सुमारे ९४ सें.मी. जातो, तर ५ सें.मी.वरचा सुमारे ३१ सें.मी.) त्या रात्री कॅल्व्हिन डोळे टक्क उघडे ठेवून अंथरुणात पडलेला दिसतो. बाबांच्या सगळ्या थापांनी जे केले नाही ते एका खऱ्या उत्तराने केले, त्याची झोप उडवली!

हे मला लागले, कारण ही चूक मीही केली आहे. माझी मुलगी चार वर्षांची असताना एका रात्रीच्या प्रवासात तिने विचारले, “बाबा, चांदोबा आपल्याबरोबर का येतोय?” मी दमलेलो होतो. म्हणालो, “तू शहाण्यासारखी वागतेस की नाही, ते बघायला.” पुढे कित्येक दिवस ती चांदणे असले की खिडकीचा पडदा ओढून घेत असे. कारण कळायला आम्हांला दोन महिने लागले. विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या बापाने हे केले होते!

मग एका संध्याकाळी तिला मैदानावर नेले. जवळच्या झाडाकडे पाहत चाललो, झाड मागे पडले. लांबच्या टेकडीकडे पाहत चाललो, टेकडी जागची हलेना. चंद्र तर सुमारे ३,८४,००० कि.मी. दूर. आपण दहा-वीस किलोमीटर गेलो तरी तो दिसण्याची दिशा जवळजवळ बदलत नाही, म्हणून तो बरोबर येतो असे वाटते. आकडा तिला कळला नसेल, पण पडदा उघडला.

तिचा चांदोबा खेळातला नव्हता, तो प्रश्न होता. टाकीतली मगर हा प्रश्न नव्हता, तो खेळ होता. मी प्रश्नाला खेळ समजलो आणि त्या वडिलांनी खेळाला खोटेपणा समजले.

वर्गात काय करता येईल?

पहिली गोष्ट, खेळ आणि खोटे यांत फरक करावा. खोटे बोलणाऱ्याला काही लपवायचे असते, तर खेळणारा आपल्याला आत बोलावत असतो. “काचेचा पेला कोणी फोडला?” याला “मगरीने” असे उत्तर आले तर वाद घालू नये. “बरं, मगरीला आणि तुला मिळून काचा गोळा करायला मी मदत करते,” एवढे पुरे.

दुसरी, खेळात शिरून प्रश्न विचारावेत. मगरीला पोळी कशी आवडू लागली? टाकीचे पाणी आटले तर ती कुठे जाईल? इथून खऱ्या मगरीकडे जायला वेळ लागत नाही. ती मांसाहारी असते. भारतात गोड्या पाण्यातली मगर, खाऱ्या पाण्यातली मगर आणि लांब, अरुंद जबड्याची घडियाल असे तीन प्रकार आढळतात. मग त्या मुलाची मगर चौथ्या प्रकारची, पोळी खाणारी!

तिसरी, जी मुले घाबरली आहेत त्यांना टाकीपाशी न्यावे, झाकण मोठ्यांनी उघडावे, सगळ्यांनी मिळून आत पाहावे. हे गोष्ट सांगणाऱ्याला खोटे पाडण्यासाठी करायचे नाही. ‘ही गोष्टीतली मगर आहे’ हे मोकळेपणाने म्हणता यावे, एवढ्यासाठी.

चौथी, मुलाने खरा प्रश्न विचारला तर खरेच उत्तर द्यावे. येत नसेल तर “आपण शोधू” म्हणावे, आणि खरेच शोधावे.

कॅल्व्हिनच्या आईबाबांनाही हे एका प्रसंगात नेमके साधले आहे. कॅल्व्हिनला रॅकून या प्राण्याचे जखमी पिल्लू सापडते. आई त्याची काळजी घेते, पण पिल्लू जगत नाही. त्या वेळी थापा मारणारे बाबा थाप मारत नाहीत. पिल्लू गेले हे मुलाला सांगतात आणि त्याला रडू देतात.

हे सगळे मी त्या बाईंना पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले. त्यांनी वर्गाला मगरीचे चित्र काढायला सांगितले. त्या मुलाने पान कोरेच ठेवले. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच फळ्यावर एक वेडीवाकडी मगर काढली आणि त्याला विचारले, “अशी आहे का रे?”

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “नाही बाई. तिचं शेपूट लांब आहे.”